शिटी वाजली आणि आम्ही थांबलो: दूधसागरच्या रुळांवरचा एक रविवार

जुलै २०१८ मधला रविवार. सकाळचे पावणेदहा. गोव्यातलं सोनावळी स्टेशन मागे टाकून आमचा सतरा जणांचा गट रुळांच्या कडेने दूधसागर धबधब्याकडे चालला होता. एका वळणावर, दोन्ही बाजूंनी डोंगर कापलेल्या अरुंद जागेत, घाट उतरणारी मालगाडी आली. गटातली बावीस वर्षांची मुलगी तिच्यापासून वाचण्यासाठी कडेच्या गटारात उडी मारताना पडली आणि तिचा उजवा घोटा मोडला. बाकी कुणाला खरचटलंही नाही. गट माझा होता, वाट मी ठरवली होती आणि ज्या शिटीमुळे हे घडलं ती मीच वाजवली होती.

मी फोंड्याचा. हायस्कुलात भूगोल शिकवतो. बरीच वर्षं आमचा एक छोटा गट दर महिन्याला रानात जातो: सत्तरीतले डोंगर, नेत्रावळीची जंगलं, तांबडी सुर्ल्याच्या देवळामागच्या वाटा. अपघातानंतरच्या आठवड्यात मी सगळ्यांना स्वतंत्रपणे बसवून, आठवतंय तोवर, मिनिटामिनिटाचं टिपण करून घेतलं. हे प्रकरण त्या टिपणांवरून लिहितो आहे. दर पावसाळ्यात मला निदान दहा फोन येतात: "सर, रुळावरून कसं जायचं तेवढं सांगा." त्यांना फोनवर जे पाच मिनिटांत सांगता येत नाही ते इथे सविस्तर.

ती वाट आम्हाला कुणी दिली

दूधसागर चार टप्प्यांत कोसळतो, एकूण उंची ३१० मीटर. वरचं पाणी कर्नाटकाच्या माथ्यावरचं, खाली आलं की गोव्याचं. पुढे तीच नदी खांडेपार म्हणून आमच्या तालुक्यातून वाहते आणि मांडवीला मिळते. ओपाच्या प्रकल्पातून फोंड्याच्या आणि पणजीच्या नळांना येणारं पाणी याच खांडेपारचं. म्हणजे आम्ही बघायला जातो ते आमचंच पिण्याचं पाणी. शाळेत मी मुलांना हे सांगतो तेव्हा त्यांचे डोळे मोठे होतात, आणि व्हायलाच हवेत.

धबधब्याच्या कमरेवरून रेल्वेचा पूल जातो. ही रेल्वे धबधबा दाखवायला कुणी बांधली नव्हती. दख्खनचा कापूस मुरगावच्या बंदरात उतरवायचा होता. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि १८८८ पर्यंत मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंत मीटर गेजचा मार्ग तयार झाला. 'वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे' असं त्या कंपनीचं लांबलचक नाव. यातला कुळे ते कॅसलरॉक हा सुमारे २६ किलोमीटरचा घाट, ब्रागांझा घाट. चढ कुठे कुठे सदतिसाला एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रेल्वेच्या मानाने हा चढ फार मोठा. म्हणून आजही इथे मालगाडीला मागून जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं. १९५५ मध्ये गोव्याची सीमा बंद झाल्यावर गाडी बंद झाली, गोवामुक्तीनंतर पुन्हा सुरू झाली. १९९० च्या दशकात मीटर गेज जाऊन ब्रॉड गेज आलं.

मी पहिल्यांदा गेलो तो मीटर गेजच्या काळात, माझ्या मामाबरोबर, शाळकरी वयात. गाडी बैलगाडीपेक्षा थोडी बरी. दूधसागर स्टेशनवर ती चांगली वेळ काढून उभी राहायची. लोक उतरायचे, बोगद्यातून चालत पुलाकडे यायचे, आंघोळ करायचे, केळीच्या पानावर भाकरी खायचे आणि परतीच्या गाडीने जायचे. मामा रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून असा चालायचा, जशी घरासमोरची पाणंद. दोन गाड्यांच्या मधला अवधी त्याला तोंडपाठ होता. मी त्याच्याकडून वाट शिकलो, पण ती वाट ज्या वेळापत्रकावर उभी होती ते वेळापत्रक कधी संपलं हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आता त्याच मार्गावर मुरगाव बंदरातला कोळसा वर कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. प्रवासी गाड्यांच्या वेळा कुणालाही कळतात. मालगाडीची वेळ आपल्याला कुणी सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. डबे रुंद झाले, इंजिनं मोठी झाली, रुळाच्या कडेला माणसाला उभं राहायला उरलेली जागा मात्र वाढली नाही. माझ्या डोक्यात १९८० च्या दशकातली गाडी होती आणि पायाखाली २०१८ चा रूळ.

त्या सकाळी

शनिवारी रात्रभर पाऊस होता. पहाटे पावणेसहाला फोंड्याहून निघालो, वाटेत पातळभाजी-पाव खाल्ला, सातच्या आत कुळ्याला पोचलो. स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर एक म्हातारबाबा बसले होते. आमचे बूट आणि पाठीवरच्या पिशव्या बघून त्यांना सगळं कळलं. म्हणाले, "आज नका जाऊ रे. काल रातीपासून मालगाड्यांची रांग लागलीय. वर धुकं आहे." मी हसून मान डोलावली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी त्यांचं बोलणं ऐकलंच नाही. मिनीबसचे पैसे दिलेले, पंधरा दिवस बेत चाललेला, दोघं जण मडगावहून खास आलेले. असा भरलेला गट कुळ्यावरून माघारी नेणं हे मला तेव्हा कमीपणाचं वाटलं.

रुळावर चालायला मनाई आहे हे मला ठाऊक होतं. पाटी वाचता येत नव्हती असं नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण 'सगळेच जातात' हे दोन शब्द कुठल्याही कलमापेक्षा जड असतात. त्या सकाळी आमच्या पुढे दोन गट होते, मागे तीन. कुणी कॉलेजची मुलं, कुणी बेळगावहून आलेले.

रुळावरचं चालणं रानातल्या चालण्यासारखं नसतं, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना पहिल्यांदाच कळत होतं. स्लीपरमधलं अंतर माणसाच्या पावलाला जुळत नाही. एक एक घेतला तर पाऊल आखूड पडतं, दोन घेतले तर लांब. मध्ये खडी, तिच्यावर घोटा सारखा मुरडतो. माणूस पायांकडे बघत चालतो, पुढे बघत नाही. वरून पाऊस, डोक्यावर रेनकोटची टोपी, आणि त्या टोपीवर थेंबांचा असा ताशा वाजतो की शेजारच्याचं बोलणंही ओरडून ऐकवावं लागतं. भर म्हणून दर शंभर पावलांवर डोंगरातून एक व्हाळ, म्हणजे ओढा, उडी मारत खाली येतो. मुलं दर व्हाळापाशी फोटोसाठी थांबत होती.

सव्वानऊला सोनावळी ओलांडलं तेव्हा गट लांबला होता. पुढे मी आणि नऊ जण, मागे सात जण. मधलं अंतर नंतर मोजलं तेव्हा अंदाजे अडीचशे मीटर निघालं, आणि मधे एक वळण. नियमाप्रमाणे सर्वांत मागे अनुभवी माणूस हवा. त्या दिवशी मागे राहणारा आमचा नेहमीचा दादा आजारी म्हणून आला नव्हता आणि त्याच्या जागी मी कुणाला नेमलंच नव्हतं. सातांपैकी चौघे पहिल्यांदा आलेले.

पावणेदहाच्या सुमारास समोरच्या धुक्यात एक पिवळसर डाग दिसला. आवाज आधी आला नाही. याचं कारण मला नंतर उमगलं: घाट चढणारी गाडी पूर्ण ताकदीने ओरडत येते, तिचा आवाज डोंगराच्या पलीकडूनही छातीत भरतो. उतरणारी गाडी ब्रेक लावून, स्वतःचं ओझं आवरत, सरकत येते. ती जवळ आल्यावरच कळते. आम्ही पुढचे दहा जण होतो तिथे डाव्या बाजूला चांगली ऐसपैस जागा होती. सगळ्यांना बाजूला घेतलं आणि मागच्यांना सावध करायला मी गळ्यातली शिटी तोंडात धरून एकच लांब वाजवली.

आमच्या गटाची शिटीची एक भाषा आहे. ती मीच ठरवलेली, पहिल्या दिवशी नव्या माणसाला शिकवली जाते. दोन आखूड म्हणजे पुढे चला. तीन म्हणजे मदत हवी. एक लांब म्हणजे जिथे आहात तिथे थांबा आणि डोकी मोजा.

मागचे सात जण त्या क्षणी कापणीत, म्हणजे डोंगर कापलेल्या त्या अरुंद जागेत, शिरले होते. त्यांनी शिटी ऐकली आणि शिकवल्याप्रमाणे ते थांबले. कापणीत, रुळालगत, एकमेकांना मोजत. "एक, दोन, तीन…" एकीने मला नंतर सांगितलं की पाचवर आले तेव्हा इंजिनाचा भोंगा ऐकू आला आणि तो इतका जवळून आला की पाऊस थांबल्यासारखं वाटलं.

हिशेब करून बघा. गाडी अगदी तीसच्या वेगाने येत होती असं धरलं, तरी अडीचशे मीटर कापायला तिला अर्धा मिनिट लागतो. अर्ध्या मिनिटात सात माणसं कापणीतून सहज मागे पळू शकली असती. माझ्या शिटीने तो अर्धा मिनिट खाल्ला.

सहा जण भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मुलगी सर्वांत पुढे होती. तिच्या मागे भिंतीला जागा उरली नव्हती. तिने पलीकडच्या बाजूच्या गटारात उडी मारली. गटार पाण्याने भरून वाहत होतं, तळ दिसत नव्हता, पाय एका दगडाच्या खाचेत गेला आणि अंगाचा भार उलट्या बाजूला पडला. मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे डबे, तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून जात राहिल्या. तिला आठवतो तो ब्रेकचा जळका वास आणि वाघिणीच्या खालच्या कडेवरून तोंडावर उडणारं काळं पाणी. ती म्हणाली, "सर, मी डबे मोजत होते. मोजायचं शिकवलंय ना तुम्ही."

हे वाक्य मी कितीदा तरी आठवलं आहे.

मदत कुठून आली

मोबाइलला रेंज नव्हती. आमच्याकडे प्रथमोपचाराची पेटी होती, पट्ट्या होत्या, पण घोटा आधार देऊन बांधायला फळी नव्हती. मुलगी स्वतः नर्सिंगची विद्यार्थिनी. पहिल्या कळा ओसरल्यावर तिनेच सांगितलं की बूट काढू नका, सूज येऊ द्या, बुटासकट दोन छत्र्यांच्या दांड्यांमध्ये पाय बांधा. तिने सांगितलं तसंच केलं. नंतर डॉक्टरांनीही तेच बरोबर ठरवलं.

पंधरा मिनिटांत एक ट्रॅकमन आला. पावसाळ्यात घाटात रेल्वेची माणसं पायी गस्त घालतात: दरड कोसळली आहे का, खडी वाहून गेली का, झाड आडवं पडलं का ते बघत. खांद्यावर अवजार, पिशवीत लाल-हिरवा झेंडा, दिवा आणि धोका असला तर रुळावर लावायचे फटाके. हा माणूस पन्नाशीचा, कानडी वळणाचं कोकणी बोलणारा. तो ओरडला नाही. त्याने आधी मुलीचा पाय बघितला, मग सोनावळीला कळवलं, मग मला बाजूला घेऊन विचारलं, काय झालं. मी शिटीचं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"रुळावर शिटी ऐकली की थांबायचं नसतं, साहेब," तो म्हणाला. "रुळावर शिटी म्हणजे बाहेर पड."

वळणाआधी रुळाच्या कडेला चालकासाठी पिवळी पाटी असते, शिटी वाजव म्हणून. ती पाटी मी शंभर वेळा पाहिली होती. ती शिटी कुणासाठी आहे आणि तिचा अर्थ काय, याचा विचार मी कधी केला नव्हता. रानात हरवण्याची भीती असते म्हणून थांबणं सुरक्षित. रुळावर चिरडण्याची भीती असते म्हणून थांबणं घातक. एकाच खुणेचे दोन ठिकाणी दोन उलटे अर्थ, आणि मी रानाची भाषा उचलून तशीच रुळावर नेली होती. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते. गट लांबला, धुकं होतं, मागे माणूस नव्हता, हे सगळं तिच्यानंतर येतं. गट एकत्र असता तरी आज ना उद्या ती शिटी आम्हाला कुठल्यातरी कापणीत उभं करणारच होती.

मुलीला रेनकोट आणि काठ्यांच्या झोळीत घालून, चौघांच्या पाळ्या लावून सोनावळीला परत आणलं. दीड किलोमीटरला जवळजवळ पावणेदोन तास लागले, कारण दर काही मिनिटांनी ट्रॅकमन हात वर करायचा आणि आम्ही झोळी घेऊन कडेला दबून उभे राहायचो. वर जाणारी एक कोळशाची गाडी आणि तिला मागून रेटणारी इंजिनं आमच्या अंगावरून गेल्यासारखी गेली. सोनावळीहून वास्कोकडे जाणाऱ्या गाडीत तिला चढवण्याची सोय रेल्वेच्या माणसांनी केली. कुळ्याला १०८ ची रुग्णवाहिका उभी होती. संध्याकाळी घोट्यात प्लेट बसली. आमच्या नावाने दंडाची पावती फाडली गेली, ती आम्ही भरली. भरायलाच हवी होती.

रुग्णालयात तिची आई भेटली. मी बोलायला सुरुवात करण्याआधीच तिने विचारलं, "सर, परवानगी होती ना?"

मी "नाही" म्हणालो. तिने पुढे काही विचारलं नाही. मुलीच्या उशाशी जाऊन बसली.

सगळं एकाच वेळी बंद

आता प्रश्न असा की शहाणी माणसंदेखील रुळावर का जातात. उत्तर दूधसागरच्या ऋतूत आहे, आणि यावर पुरेसं बोललं जात नाही असं मला वाटतं.

कुळ्याहून जीपने जायची वाट आहे. ती भगवान महावीर अभयारण्यातून जाते, वाटेत नदी तीनदा ओलांडते आणि शेवटचा तुकडा दगडांवरून पायी चालावा लागतो. लाइफ जॅकेट घालून धबधब्याखालच्या कोंडात उतरता येतं. पण ही वाट साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळा संपेपर्यंतच. पाऊस सुरू झाला की नदी जीपच्या टपापर्यंत येते आणि वाट बंद होते. बंद व्हायलाच हवी. पण धबधब्याचं खरं दूध जून ते सप्टेंबर याच महिन्यांत उतू जातं. मे महिन्यात जीपने गेलात तर वरून खाली चार पांढऱ्या दोऱ्या दिसतात आणि लोक विचारतात, "हाच का?"

म्हणजे धबधबा भरलेला असतो तेव्हा वाट नसते, आणि वाट असते तेव्हा धबधबा ओसरलेला असतो. या फटीतून रूळ जातो. माणसं रुळावर चढतात ती धाडसापोटी असं आपण समजतो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरं नाही. त्यांना दुसरं दारच दिसत नाही.

जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि अभयारण्यांतल्या धबधब्यांवर प्रवेश बंद झाला. पुढच्याच रविवारी शेकडो लोक रेल्वेने दूधसागरला येऊन धडकले. तिथे अडवलेल्या पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. दक्षिण पश्चिम रेल्वेने लोकांना विनंती केली की धबधबा गाडीतूनच बघा, रुळावरून चालू नका. उठाबशा बघून माझे विद्यार्थी खूप हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या रांगेत मी होतो, पाच वर्षं आधी, फक्त कुणी मला अडवलं नव्हतं. अडवलं असतं तर एका मुलीचा पाय वाचला असता. मात्र अडवण्याबरोबर 'का' हेही सांगायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. उठाबशा काढलेला माणूस लाज लक्षात ठेवतो. उतरणारी गाडी आवाज न करता येते हे त्याला तेव्हाही कळलेलं नसतं.

आणि हा डोंगर स्वतःही पावसाळ्यात जागचा हलतो. २३ जुलै २०२१ ला कोकण रेल्वेवरून वळवलेली मंगळुरू-मुंबई गाडी याच टप्प्यात, दूधसागर आणि सोनावळीच्या मध्ये, दरड कोसळून घसरली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच टप्प्यात मालगाडीच्या वाघिणी घसरल्या. लोखंडाच्या डब्याला जिथे तोल सांभाळत नाही तिथे खांद्यावर पिशवी घेतलेल्या पोराने काय करावं? या घाटात दुसरा रूळ टाकायची योजना होती. तिला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. या घाटातल्या मोल्याच्या जंगलासाठी उभ्या राहिलेल्या लोकांत माझे कितीतरी विद्यार्थी होते आणि मला त्यांचा अभिमान आहे. एकच रूळ राहिला याचा आनंद आहे. पण त्या एका रुळावरच्या गाड्या कमी झालेल्या नाहीत हे चालणाऱ्याने विसरू नये.

आम्ही काय बदललं

रुळावरून जाणं आम्ही त्या दिवसापासून बंद केलं. फक्त दूधसागरला नव्हे, कुठेच नाही. शिटीची भाषाही मोडली. आता आमच्याकडे लांब शिटीचा एकच अर्थ आहे: आधी वाटेच्या बाहेर या, मग थांबा, मग मोजा. क्रम पाठ करून घेतो, पाढ्यासारखा. दरीच्या कडेला, ओढ्यात, रस्त्यावर, कुठेही तो चालतो हे वापरून कळलं. सर्वांत मागे राहणाऱ्या माणसाचं नाव ठरल्याशिवाय बस सुटत नाही. आजारी असेल तर बदली नाव, बदली मिळत नसेल तर बेत रद्द. पावसात टोपी काढून छत्री किंवा कान मोकळे राहतील अशी टोपी. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण त्या दिवशी सातांपैकी पाच जणांचे कान झाकलेले होते.

आणि टपरीवरचा म्हातारा. त्याच्यासाठी नियम करता येत नाही. पण मी आता गावात पोचलो की आधी चहा पितो आणि विचारतो, आणि जो उत्तर देतो त्याचं ऐकतो. दोनदा त्यामुळे माघारी आलो आहे. एकदा चोर्ल्याच्या बाजूला, एकदा नेत्रावळीत. गटातले लोक कुरकुरतात, मग भजी खातात, मग घरी जातात.

ज्यांना भर पावसातला दूधसागर बघायचाच आहे त्यांना मी एकच वाट सांगतो: तिकीट काढा. गोवा एक्स्प्रेस, पूर्णा एक्स्प्रेस, अमरावती एक्स्प्रेस अशा गाड्या या घाटातून जातात. कुळ्याहून चढायचं, लोंढ्याला उतरायचं, परतीची गाडी धरायची. धबधबा जेमतेम मिनिटभर दिसतो. पण त्या मिनिटात पुलावरून जाताना खिडकीतून तुषार आत येतात, गाडीतली अनोळखी माणसं एकदम बोलायला लागतात, कुणीतरी लहान मूल उचलून दाखवतं. तासाभर उभं राहून फोटो काढणाऱ्यांपेक्षा त्या मिनिटाला माणसं जास्त बघतात, असं माझं मत झालं आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही बारा जण असेच गेलो. ती मुलगीही होती. आता ती नर्स आहे, घोट्यातली प्लेट अजून तशीच आहे, थंडीत दुखते म्हणाली. सोनावळी गेलं तशी ती उठून दाराऐवजी खिडकीशी येऊन बसली आणि काचेला कपाळ टेकवलं. पाऊस होता, धुकं होतं. कापणी आली. काळी ओली भिंत खिडकीच्या इतकी जवळ की शेवाळातून झिरपणारे थेंब मोजता यावेत. खाली गटार भरून वाहत होतं.

"सर, इथेच."

गटाराच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून, एक ट्रॅकमन उभा होता. पिवळा रेनकोट, अवजार अंगाशी घट्ट धरलेलं, हिरवा झेंडा गुंडाळलेला. तोच होता का, सांगता येणार नाही. तिने काचेवर तळहात टेकवला. त्याने झेंड्याचा हात जरासा वर केला, आणि गाडी बोगद्यात शिरली.